सुरुंग पेरणारी पाणबुडी

युद्धनौकांचीं चित्रें पाहून आमच्या विद्यार्थ्यांस मोठें कौतुक वाटतें. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु यंत्राच्या रचनेबरोबर त्याच्या कार्याचाहि विचार व्हावा, असें आम्हांस वाटतें. दुसऱ्या महायुद्धांतील ‘पिएत्रो मिक्का’ ही इटालियन पाणबुडी या दृष्टीनें बोधप्रद आहे.

तारांतो येथें बांधलेली ही पाणबुडी १९३५ सालीं पाण्यांत उतरली. तिची लांबी सुमारें ९० मीटर व वजन दीड हजार टनांहून अधिक होतें. ६ टॉर्पेडो-नळ्या व २ तोफा यांखेरीज तिच्या पोटांत २० सुरुंग मावत. असा सुरुंग समुद्रांत सोडला म्हणजे त्याचा जड नांगर तळाशीं बसतो, आणि दोरानें जखडलेला स्फोटक गोळा पृष्ठभागाखालीं दबा धरून राहतो. जहाजाचा धक्का लागतांच तो फुटतो.

जून १९४० मध्यें इटली युद्धांत उतरतांच या पाणबुडीनें अलेक्झांड्रिया बंदराबाहेर सुरुंग पेरले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ‘फोका’ ही दुसरी सुरुंगवाहू पाणबुडी त्याच कामगिरीवर हैफाकडे गेली, ती परतली नाहीं. बहुधा सुरुंगानेंच तिचा घात केला. पुढें ‘मिक्का’कडून मालवाहतुकीचेंहि काम घेण्यांत आलें. २९ जुलै १९४३ रोजीं ‘ट्रूपर’ या ब्रिटिश पाणबुडीनें तिला बुडविलें. आणि अवघ्या तीन महिन्यांच्या आंत ‘ट्रूपर’हि ईजियन समुद्रांत, बहुधा जर्मन सुरुंगावरच, नाहींशी झाली.

ज्या पिएत्रो मिक्काचें नांव या पाणबुडीस दिलें, तो १७०६ सालीं तुरीनच्या वेढ्यांत लढलेला शिपाई. भुयारांत शिरणाऱ्या फ्रेंच सैनिकांस अडविण्यासाठीं त्यानें स्वहस्तें सुरुंगास बत्ती दिली व त्यांतच प्राण सोडला. त्याच्यापुढें कोण आहे, हें तो जाणत होता. समुद्रांतील सुरुंग मात्र आंधळा. पेरणारा दूर निघून जातो, आणि लढाऊ नौका कोणती व गरीब कोळ्याचें गलबत कोणतें, हें त्यास उमगत नाहीं. नांगरापासून सुटलेला सुरुंग निरुपद्रवी झाला पाहिजे, असा नियम १९०७ सालीं हेग येथें राष्ट्रांनीं केला खरा. परंतु नांगरलेल्या सुरुंगास तह झाल्याचें कोण सांगणार?

विद्यार्थीमित्रहो, यंत्रविद्या अवश्य शिका. मात्र यंत्र कसें चालतें एवढेंच न विचारतां, तें कोणाचा घात करील हेंहि विचारीत जा. हा दुसरा प्रश्न ज्यास सुचत नाहीं, त्याची विद्या अपुरीच, असें आमचें स्पष्ट मत आहे.