फुकटचा मुक्काम की हक्काचा मुक्काम?

अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या प्रवासात रात्रीचा मुक्काम फुकट कोठे करता येईल, हा प्रश्न वरकरणी सुखवस्तू प्रवाशांच्या चैनीचा वाटतो. त्यासाठी आपल्या साप्ताहिकाची जागा का खर्ची घालावी, असे काही कार्यकर्ते विचारतील. परंतु जमिनीवर सत्ता कोणाची, हा अर्थशास्त्रातील अत्यंत जुना प्रश्न या साध्या विचारणेत दडलेला आहे. माणसाला रात्री सात-आठ तास अंग टाकायला जागा लागते. ती त्याला हक्काने मिळते, कोणाच्या मर्जीने मिळते, की मिळतच नाही, यावरून त्या समाजव्यवस्थेची परीक्षा होते. भांडवलशाहीच्या माहेरघरात या परीक्षेचा निकाल काय लागला आहे, ते पाहण्यासारखे आहे.

आर. व्ही. म्हणजे चाकांवरचे घर. त्यात झोपण्याची, स्वयंपाकाची, बहुधा शौचाचीही सोय असते. अशा गाड्यांसाठी सशुल्क तळ देशभर आहेत, पण महिनोन्महिने फिरणाऱ्याला रोजचे भाडे परवडत नाही. मग तो फुकटची जागा शोधतो, आणि या शोधात सर्वाधिक घेतले जाणारे नाव सरकारचे नसून वॉलमार्टचे असते. अमेरिकेत साडेचार हजारांहून अधिक दुकाने असलेल्या या कंपनीच्या वाहनतळांवर अशा गाड्यांनी रात्र काढण्याची प्रथा बरीच जुनी आहे. क्रॅकर बॅरलची उपाहारगृहे, जुगारगृहे, ट्रकचालकांसाठीची खाजगी विश्रांतिस्थाने हीही या यादीत येतात. बाजारपेठेचे भाट याकडे बोट दाखवून म्हणतात, “पाहा, सरकारने काही न करता खाजगी उद्योगाने प्रवाशाची सोय केली!”

ही सोय म्हणजे नेमके काय, हे तपासले पाहिजे. वॉलमार्टचे जाहीर धोरण असे की, परवानगी द्यायची की नाही हे त्या त्या दुकानाचा व्यवस्थापक ठरवील. जागेची उपलब्धता आणि स्थानिक नियम पाहून तो ठरवतो. वीज नाही, पाणी नाही. आज मिळालेली परवानगी उद्या मिळेलच असे नाही, आणि अनेक दुकानांनी ती बंदही केली आहे. मुक्कामाला आलेला माणूस सकाळी त्याच दुकानात खरेदी करतो, हा यातला हिशेब उघड आहे. रात्री ओस पडणाऱ्या डांबरावर गाडी उभी राहिल्याने दुकानदाराचे काहीच जात नाही, गिऱ्हाईक मात्र दारात येऊन झोपते. यात गैर काही नाही, पण याला औदार्य म्हणू नये. ज्या कंपनीचे हजारो कामगार सरकारी अन्नमदतीवर आणि वैद्यकीय मदतीवर अवलंबून असल्याचे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० साली दाखवून दिले, तिच्या दातृत्वाचे गोडवे गाणे तर हास्यास्पदच होय.

मूळ दोष आहे तो सार्वजनिक व्यवस्थेच्या माघारीत. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेने आंतरराज्य महामार्गांचे प्रचंड जाळे सार्वजनिक पैशाने उभारले. त्यांवर स्वच्छतागृहे आणि पाणी असलेली विश्रांतिस्थळे झाली. परंतु तेथे किती वेळ थांबावे याचे नियम राज्यागणिक निरनिराळे. कॅलिफोर्नियात आठ तास चालतात, टेक्ससमध्ये चोवीस. आणि तिजोरीला चणचण भासली की पहिली कुऱ्हाड यांच्यावरच पडते. २००९ साली व्हर्जिनिया राज्याने ४२ पैकी १९ विश्रांतिस्थळांना कुलूप ठोकले. लोकांनी ओरड केली आणि २०१० मध्ये ती पुन्हा उघडावी लागली. त्याच २००९ साली थांबायला सुरक्षित जागा न मिळाल्याने एक ट्रकचालक दक्षिण कॅरोलिनात ओस पडलेल्या पेट्रोलपंपावर थांबला, आणि अवघ्या काही डॉलरांसाठी त्याचा खून झाला. त्याच्या पत्नीने लढा दिला, तेव्हा २०१२ मध्ये ट्रकांच्या थांब्यांसाठी ‘जेसनचा कायदा’ झाला. रात्रीची जागा ही चैनीची बाब आहे असे म्हणणाऱ्यांनी ही घटना ध्यानात ठेवावी.

याउलट चित्र सार्वजनिक जमिनीचे. अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. तिच्या बऱ्याच भागात कोणीही साधारणतः चौदा दिवस विनामूल्य मुक्काम करू शकतो. त्यानंतर जागा बदलावी लागते. येथे व्यवस्थापकाची मनधरणी नाही आणि खरेदीची अपेक्षाही नाही. ही जमीन मुळात तेथील आदिवासी जमातींकडून हिरावून घेतलेली आहे, हे विसरता येणार नाही. तरीही आज ती बाजाराबाहेर आहे, म्हणूनच गरिबालाही तेथे पाय ठेवता येतो. जून २०२५ मध्ये सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडील अशी वीस लाखांहून अधिक एकर जमीन विकण्याची तरतूद अर्थसंकल्पी विधेयकात घुसडण्याचा प्रयत्न केला. शिकारी, गिर्यारोहक, पर्यावरणवादी आणि खुद्द त्यांच्या पक्षातील काही लोकप्रतिनिधीही विरोधात उभे राहिले, तेव्हा त्यांना तो मागे घ्यावा लागला. सामायिक मालमत्तेवरील घाला असा विधेयकाच्या पोटातून येत असतो.

आता या प्रश्नाची दुसरी, अधिक कटू बाजू. चाकांवरच्या घरात सगळेच हौसेने राहत नाहीत. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर घर आणि निवृत्तीची पुंजी गमावलेले अनेक वृद्ध गाडीत राहू लागले. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकामुळे त्यांची कहाणी जगाला कळली. ॲमेझॉनने अशा भटक्या वृद्धांना हंगामी गोदामकामगार म्हणून राबवण्यासाठी एक खास योजनाच चालवली होती. ती आता बंद झाली आहे. सणासुदीचा हंगाम संपला की कामगार आपले घर घेऊन आपण होऊन निघून जातो, मालकाला याहून सोयीचे काय असणार?

या दोन प्रकारच्या माणसांची गाडी एकच, पण वागणूक वेगळी. पैसेवाला थांबला तर तो पर्यटक, निर्धन थांबला तर तो उपद्रव. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ पासून गाडीत राहण्यावर बंदी होती. २०१४ साली अपील न्यायालयाने ती संदिग्ध आणि पक्षपाताला वाव देणारी म्हणून रद्द ठरवली. परंतु २८ जून २०२४ रोजी ग्रँट्स पास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, सार्वजनिक जागी पथारी टाकणाऱ्याला, त्याला दुसरा निवारा नसला तरी, शिक्षा करणे ही घटनेने निषिद्ध केलेली क्रूर शिक्षा नव्हे. जुलै २०२५ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने अशा मोठ्या गाड्यांना रस्त्यावर दोन तासांची मर्यादा घातली. आधीपासून राहणाऱ्यांना तात्पुरते परवाने आणि घरासाठी मदत देऊ केली, हे खरे. पण जो उद्या बेघर होईल, त्याने कोठे जावे?

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार करावयास हवा. ‘फुकट’ वाहनतळ कधीच फुकट नसतो, त्याची किंमत गाडी नसलेलेही मोजतात, असे डोनाल्ड शूप या अर्थशास्त्रज्ञाने २००५ च्या आपल्या ग्रंथात सप्रमाण मांडले. हा युक्तिवाद मला मान्य आहे. शहरातील मोलाची जमीन मोटारमालकांना आंदण देणे हे समाजवादी धोरण नव्हे. पण यावरून निघतो तो निष्कर्ष असा की, जी किंमत समाज मोजतोच आहे, ती कोणासाठी मोजायची हे समाजाने ठरवावे. दुकानाच्या गिऱ्हाइकांसाठी दिवसभर राखलेली आणि रात्री रिकामी पडलेली जागा, आणि थकल्या माणसाला एका रात्रीपुरती लागणारी जागा, यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. घाण होते, गर्दी होते, हा आक्षेपही घेतला जातो. जेथे शौचालय नाही आणि कचऱ्याची पेटी नाही तेथे घाण होणारच. त्यावरचा उपाय शौचालय बांधणे हा आहे.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूर नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा गाड्यांसाठी तळ उभारणाऱ्यांना सवलती देऊ केल्या. पर्यटन वाढावे, त्याला विरोध नाही. पण याच राज्याच्या महामार्गांवर ट्रकचालक केबिनमध्ये पाय दुमडून झोपतात आणि बीडहून निघालेली ऊसतोड कुटुंबे कारखान्याच्या वाटेवर उघड्यावर रात्र काढतात. चाकांवर संसार घेऊन निघालेले आपले पहिले प्रवासी ते आहेत. त्यांच्यासाठी तळाचे धोरण कोठे आहे?

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. महामार्गालगत ठरावीक अंतरावर सार्वजनिक मुक्कामस्थळे असावीत. तेथे पाणी, दिवे, स्त्रियांसाठी सुरक्षित शौचालये असावीत, आणि एका रात्रीच्या मुक्कामासाठी कोणालाही त्याची ऐपत किंवा प्रयोजन विचारले जाऊ नये. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील महामार्गावर अशी किती स्थळे आहेत आणि त्यांतली किती चालू आहेत, याची पाहणी करून ती जिल्हा प्रशासनापुढे ठेवावी. व्हर्जिनियाची कुलपे निघाली ती लोकांनी आवाज उठवल्यामुळे. आपल्याकडे तर अजून दारेच बसवायची आहेत.