दिवा घ्यावा सेल पाहून

दिवाळी अंकासाठी मजकूर मागताना आमचे संपादक दर वर्षी एकच अट घालतात. वर्षभर या पानावर कुलपे, छत्र्या, स्टोव्ह आणि पाण्याच्या गाळण्या यांची जी चौकशी चालते ती खुशाल चालू द्या, पण दिवाळीला काहीतरी दिव्याचे लिहा. आता पणत्यांवर आणि आकाशकंदिलांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्याहून बरे लिहितात. माझ्याकडे मात्र यंदा एक पत्र येऊन पडले होते. भामरागड तालुक्यातील एका आश्रमशाळेचे गुरुजी विचारतात, "डोक्याला बांधायची बॅटरी घ्यायची आहे. एकाच सेलवर चालणारी, रोज वापरता येईल अशी आणि खिशाला झेपेल अशी. दुकानात गेलो की दहा तऱ्हा दाखवतात आणि प्रत्येक जण आपलीच सर्वांत प्रखर म्हणून सांगतो. कोणती घेऊ?"

शहरातल्या वाचकाला ही हौस वाटेल. त्याच्या दाराशी रस्त्यावरचा दिवा असतो आणि खिशातल्या मोबाइलला उजेड असतो. पण भामरागड म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचा पार टोकाचा तालुका. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर वसलेला, पलीकडे छत्तीसगड. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले आणि भामरागडचा रस्ता तुटला, ही बातमी आपण पावसाळ्यात वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. अशा वेळी वीज गेली तर ती तासाभराने येईल असे कोणी समजून चालत नाही. जवळच हेमलकसा आहे. तेथे १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज नसलेल्या त्या काळात कंदिलाच्या उजेडात रोगी तपासले. कंदील धरायला एक माणूस वेगळा लागतो, हे ज्याने धरला आहे त्यालाच ठाऊक.

डोक्यावरच्या दिव्याची सगळी थोरवी हीच, की तो धरावा लागत नाही. चैत्राच्या सुमारास मोहफुले वेचायला माणसे पहाट फुटण्याआधी निघतात. वेचायला दोन हात लागतात, टोपली सांभाळावी लागते. आश्रमशाळेत रात्री मुले ओळीने झोपलेली असतात, कोणाला ताप आहे, कोणाचे पांघरूण सरकले आहे हे पाहायला दोन हात लागतात. आणि तेथे पांघरूण उचलून पाहावे लागते ते निराळ्याच कारणासाठी. मण्यार रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश इतका बारीक की पुष्कळदा झोपसुद्धा मोडत नाही. घोणस वाटेवरच पडून असते आणि तिच्यावर पाय पडतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. तेव्हा गुरुजींचा प्रश्न हौसेचा नाही.

आधी एक शब्दांचा घोळ निस्तरू. आपल्याकडे विजेरीला 'बॅटरी' म्हणतात आणि तिच्या पोटात जो असतो त्याला 'सेल'. इंग्रजी जाणणारे यावर हसतात, पण आपली वाटणी चोख आहे. मी तीच पाळणार आहे.

दुकानात टांगलेल्या स्वस्त हेडलॅम्पात बहुधा बारीक पेन्सिल सेल तीन असतात. तीनच का, हे समजले की निम्मे काम झाले. पांढरा उजेड देणाऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट दाब लागतो. साध्या सेलचा दाब दीड. एकाने भागत नाही, म्हणून तीन ओळीने लावायचे, साडेचार व्होल्ट करायचे आणि मध्ये एखादा रोध टाकून दिवा मोकळा सोडायचा. कारखानदाराचे काम स्वस्तात झाले, पुढचा खर्च तुमचा. तीन सेल कधीच सारखे उतरत नाहीत. एक आधी बसतो आणि बाकीच्या दोघांना घेऊन बसतो. मग माणूस तिन्ही फेकतो, किंवा दोन जुने एक नवा अशी जोडी जमवतो आणि महिन्याभराने आत हिरवट खार साचलेला पाहतो. शिवाय अंधारात, पावसात, तीन बारीक सेल उलटसुलट न करता बसवणे हे काम एकदा करून पाहावे.

एका सेलच्या दिव्यात ही भानगड नाही. संपला, काढला, दुसरा घातला. पण दीड व्होल्टाचा एकच सेल वापरायचा तर दाब चढवणारे छोटे यंत्र आत असावे लागते, म्हणून असा दिवा तीन सेलच्या डब्यापेक्षा थोडा महाग पडतो. तो फरक मी डोळे मिटून द्यावा असे सांगेन. दुसरा मार्ग लिथियम सेलचा. त्याचा एकट्याचाच दाब साडेतीन-पावणेचार व्होल्ट, तेव्हा चढवाचढवीची गरज नाही. असे सेल १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणले आणि त्यामागच्या संशोधनाला २०१९ चे नोबेल मिळाले. निळ्या एलईडीला, म्हणजेच पर्यायाने आपल्या पांढऱ्या दिव्याला, ते २०१४ सालीच मिळाले होते. कपाळावरच्या एवढ्याशा वस्तूत दोन नोबेल बसली आहेत. आमच्या चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत कामगार डोक्यावर दिवा आणि कमरेला जड बॅटरी बांधून, मध्ये वायर सोडून उतरत. ते आठवले की या वस्तूचे कौतुक वाटते.

तर सेल कोणता? लिथियमचा जो जाडसर सेल सर्वत्र चालतो त्याचे नाव १८६५०. नाव कसले, मापच ते: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या सेलवर ३००० किंवा ३५०० असा आकडा असतो. ९९०० लिहिलेला दिसला तर तो दुकानदाराला नम्रपणे परत करावा. तेवढ्या आकारात तेवढा माल मावतच नाही. वजनही सांगते: खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, खोटा हाताला पोकळ लागतो. या एका सेलमध्ये सुमारे ११ वॅट-तास वीज असते. चार्ज होणाऱ्या चांगल्या पेन्सिल सेलमध्ये सव्वादोन-अडीच. म्हणजे सरळ हिशेबाने १८६५० चा दिवा चौपट चालतो.

एवढे वाचून शहरातला माणूस १८६५० घेईल आणि त्याचे बरोबरच आहे. गुरुजींना मात्र मी पेन्सिल सेलवाला सुचवतो. कारण दिवा कितीही गुणी असो, तो जळतो सेलवर, आणि सेल मिळायला हवा तेथे जेथे आपण राहतो. पेन्सिल सेल किराणा दुकानात साबणाशेजारी असतो. भिंतीवरच्या घड्याळात असतो, रेडिओत असतो, अडीअडचणीला तेथून काढता येतो. १८६५० संपला आणि वीज चार दिवस नसली, वर आभाळ भरून आल्याने सौरपाटीही झोपलेली असली, तर तो उत्तम दिवा खुंटीवर टांगून ठेवण्यापलीकडे उपाय नाही. रोजच्यासाठी चार्ज होणारे दोन पेन्सिल सेल, एक दिव्यात आणि एक खिशात, आणि पुराच्या दिवसांसाठी अल्कलाइनचे पाकीट डब्यात. स्वस्तातला साधा सेलही चालेल, पण मंद उजेडावर. प्रखर लावला की तो दमतो. ज्या ताईंना रात्री-अपरात्री बाळंतिणीकडे जावे लागते, आणि ज्यांच्या मुक्कामी रोज वीज असते, त्यांनी १८६५० घ्यावा, पण सेल दोन ठेवावेत.

पेन्सिल सेलच्याच मापाचा एक लिथियम सेलही निघाला आहे, १४५०० नावाचा. काही दिवे दोन्ही घेतात. उजेड जास्त पडतो, वीज फारशी जास्त नसते. पण हा सेल घरात असेल तर त्याला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवावी. दिसायला जुळा भाऊ, दाब अडीचपट. पोराने तो घड्याळात किंवा खेळण्यात घातला की ती वस्तू गेलीच. आणि कोणताही लिथियम सेल सुट्या नाण्यांबरोबर खिशात टाकू नये, आवरण फाटलेला वापरू नये. जुन्या लॅपटॉपातून काढलेले सेल स्वस्तात मिळतात, त्या वाटेला जाऊच नये.

आता उजेडाचे माप. खोक्यावर हजार ल्युमेन, दोन हजार ल्युमेन असे आकडे असतात. चांगली एलईडी एका वॅटला साधारण शंभर ल्युमेन देते, असे धरा. म्हणजे हजार ल्युमेनला दहा वॅट. ११ वॅट-तासांचा सेल त्यावर तासभर कसाबसा पुरेल. आणि दहा वॅटची उष्णता कपाळावर सोसत नाही म्हणून दिवा स्वतःच काही मिनिटांत खाली उतरतो. जंगलातल्या पायवाटेला पन्नास ते शंभर ल्युमेन पुरतात. घरात जेवायला, वाचायला वीस. झोपलेल्या मुलांमधून फिरायला दोन-पाच. खरेदी करताना सर्वांत जास्त किती हे सगळे विचारतात. सर्वांत कमी किती, हे विचारणारा गिऱ्हाईक दुकानदाराला प्रथमच भेटतो. पण रोजचा वापर त्या खालच्या उजेडाचा आहे. डोळा अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि एका झगझगीत झोताने ती कमाई क्षणात जाते. ज्या दिव्याचा मंद उजेड बटण तीनदा दाबल्यावर, प्रखर आणि लुकलुकता यांच्या मागून येतो, तो दिवा झोपलेल्या माणसांत वापरण्याजोगा नाही.

दुकानात आणखी काय पाहावे? दिव्यासमोर बोटे भराभर हलवावीत. बोटांच्या तुटक तुटक प्रतिमा दिसल्या तर दिवा आतून फडफडतो आहे. असा दिवा वाचायला त्रास देतो. मग उजेड आपल्या तळव्यावर टाकावा. हात मेलेल्या माणसाचा दिसला तर उजेड फार निळा आहे. जखम पाहायला, पानात काय वाढले आहे हे पाहायलासुद्धा पिवळसर उजेड बरा. झोत गोल आणि पसरट हवा. लांबवर फेकणारा बारीक झोत शिकाऱ्याच्या कामाचा, पायाखाली पाहणाऱ्याच्या नव्हे. पावसासाठी खोक्यावर आयपीएक्स ४ असेल तर तो शिंतोड्यांपुरता, ७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकावा. ओढा ओलांडायचा असेल तर सात पाहा. दिव्यातच चार्ज होणारा असेल तर त्याचे सी टाइपचे भोक दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरीवर चालते का, ते तेथेच लावून पाहावे. कित्येक स्वस्त दिव्यांत चालत नाही. आणि सेल बाहेर निघाला पाहिजे. ज्यात सेल कायमचा डकवलेला आहे तो दिवा सेलबरोबरच मरतो.

किमती मी देत नाही, त्या अंक छापून होईपर्यंत बदलतात. परंतु सव्वाशे-दीडशे रुपयांत जो झुळझुळीत मिळतो त्याच्याबद्दल वर जे लिहिले ते पुन्हा वाचावे.

डोक्यावरच्या दिव्याचा एक दोष कोणी सांगत नाही. उजेड डोळ्यांजवळूनच निघतो, त्यामुळे वस्तूची सावली तिच्या मागेच लपते आणि जमीन सपाट दिसू लागते. खड्डा दिसत नाही, दगड दिसत नाही, पाचोळ्यातली घोणस तर नाहीच. चालताना दिवा पट्ट्यातून काढून हातात कमरेच्या उंचीवर धरावा, किंवा कमरपट्ट्याला अडकवावा. सावल्या लांब पडतात आणि वाट उठून दिसते. कोपऱ्यात वाकलेला, पट्ट्यातून सुटणारा दिवा म्हणूनच घ्यावा. पायात जाड बूट आणि हातात काठी हवी ती हवीच, झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचलेली हवी. मोहाच्या दिवसांत अस्वलेही मोहावर येतात आणि अलीकडे वाघाचीही धास्ती आहे. उजेड त्यांना अडवत नाही. चार जणांनी मिळून, बोलत जावे, आणि पुरते उजाडू द्यावे हे बरे.

पावसाळ्यात किड्यांचाही विचार करावा लागतो. कपाळावर दिवा म्हणजे भामरागडातल्या यच्चयावत पाखरांना नाकातोंडाचे आमंत्रण. पिवळसर किंवा लाल उजेडावर ती कमी येतात. हातात धरला तर निदान तोंड मोकळे राहते.

आणि कोणाशी बोलायला उभे राहिलात तर दिवा आधी खाली वळवावा. आपण ज्याच्याकडे पाहतो त्याच्या डोळ्यांत तो जातो, आणि बिचाऱ्याला समोर कोण आहे तेच दिसत नाही. माडिया म्हाताऱ्यांच्या अंगणात शेकोटीभोवती बसताना तर तो विझवूनच टाकावा.

दिवाळीच्या सुटीत शाळा बंद असेल तेव्हा सेल दिव्यातून काढून वेगळे ठेवा, त्यांवर पेनाने १ आणि २ असे लिहा म्हणजे पाळी चुकणार नाही, आणि घामाने ताठ झालेला पट्टा साबणाने धुऊन वाळत घाला.