राजकारण सोडून काहीही वाचा

पांढुर्ण्यातल्या एका कविसंमेलनात सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगून टाकले, "राजकारण सोडून काहीही वाचा." सौंसरकडच्या एका तरुणाने संत्र्याच्या फळगळीवर, कॅरेटला मिळालेल्या भावावर आणि निवडणुकीत दिलेल्या शब्दावर कविता आणली होती. त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि पावसावरची कविता वाचली. टाळ्या पडल्या. मला ते फार लागले.

साहित्य राजकारणापासून लांब राहिले तरच निर्मळ राहते, असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ. मग संत्र्याचा भाव कोण ठरवतो? 1956 मध्ये राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून घरात मराठी आणि तहसीलच्या अर्जात हिंदी. आमच्या बोलण्यातच राजकारण शिरलेले आहे. ते लिहिण्यातून कसे काढायचे?

सरकारने तर साहित्याला राजकारणापासून वेगळे कधी मानलेच नाही. 1962 मध्ये याच राज्याच्या सरकारने गजानन माधव मुक्तिबोधांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली. मुक्तिबोध मराठी घरातले. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत कविता लिहीत, हे हिंदीत. राजनांदगावला कॉलेजात शिकवत होते. आधी मंजूर झालेले पुस्तक, मग त्याविरुद्ध ओरड उठली आणि सरकार ओरडणाऱ्यांच्या बाजूला गेले. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवतात, जमावबंदी लागते, पोलीस उभे राहतात आणि तरी गोटमारीत, म्हणजे दोन बाजूंच्या दगडफेकीत, माणसे रक्तबंबाळ होतात. दगड थांबवता न आलेल्या राज्यात पुस्तक मात्र एका आदेशाने थांबले.

मुलांच्या हाती काय द्यायचे ते सरकारने पाहू नये का, असा प्रश्न येतो. जरूर पाहावे. चूक असेल तर दाखवावी, दुरुस्त करून घ्यावी, दुसरे पुस्तक लावावे. पण अभ्यासक्रमातून पुस्तक काढणे वेगळे आणि ते कोणी वाचूच नये असा हुकूम काढणे वेगळे.

याहून मला जास्त खटकतो तो दुसरा दावा: अस्सल साहित्य बंदीतूनही तरतेच. दाखला ठरलेला, तुकोबांची गाथा. पण जी पुस्तके बुडाली त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? आणि लिहिणाऱ्यांचे काय होते? पत्रकार माधवराव सप्रे आपल्याच जुन्या मध्य प्रांतातले, मातृभाषा मराठी. 1907 मध्ये नागपुरातून त्यांनी 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक काढले. 1908 मध्ये राजद्रोहाखाली अटक झाली, घरच्यांच्या आग्रहाने माफीनाम्यावर सही केली आणि सुटले. ती सही त्यांच्या जिवाला इतकी लागली की पुढे मधुकरी मागून त्यांनी प्रायश्चित्त घेतले. एवढा निष्ठेचा माणूस वाकवला गेला. बंदीचा घाव मुक्तिबोधांच्याही जिव्हारी बसला. 1964 मध्ये ते गेले आणि पहिला कवितासंग्रह छापलेला त्यांना पाहायला मिळाला नाही. साहित्य बंदीतूनही तरते म्हणणाऱ्यांनी या दोघांकडे बघून बोलावे.

गाथा तरली, कारण ती लोकांच्या तोंडी होती. बंदी आलेले 'सखाराम बाइंडर' हे नाटक पुन्हा रंगमंचावर आले, कारण त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले. 2019 मध्ये यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे लेखिका नयनतारा सहगलांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, तेव्हा कितीतरी निमंत्रितांनी तिथे जायचे नाकारले. लेखणीच्या पाठीशी माणसे उभी राहावी लागतात. पांढुर्ण्याच्या त्या सभागृहात आम्ही कितीतरी जण होतो. "तीच कविता वाच" एवढे म्हणायला कोणी उठले नाही. मीही नाही.

त्या तरुणाला मी निरोप धाडला आहे. पुढच्या बैठकीला घडी घातलेला तोच कागद आण. मी पहिल्या रांगेत बसतो.