सभासदांच्या हिशेबाची किल्ली कोणाकडे?

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी सातारा-सांगली पट्ट्यातील साखर कारखान्यांत मिल रोलरचे पूजन होते. गळीत हंगाम संपला की गिरण्या खोलल्या जातात, झिजलेल्या रोलरना पुन्हा खाचा पाडल्या जातात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात; मग अग्निप्रदीपनाचा समारंभ होऊन नव्या हंगामाची सिद्धता जाहीर होते. यंत्र झिजते, म्हणून त्याची निगा राखावी लागते, हे कृष्णाकाठच्या सामान्य सभासदालाही कोणी सांगावे लागत नाही. परंतु त्याच सभासदाच्या उसाचे वजन, दर, कपात आणि बाकी ठरविणारे दुसरे एक यंत्र हिशेब विभागात वर्षानुवर्षे चालू आहे. त्याची दुरुस्ती कोणत्या महिन्यात होते, ती कोण करतो आणि तिच्यावर किती पैसा पडतो, याचा उल्लेख वार्षिक अहवालात सहसा आढळत नाही.

हे दुसरे यंत्र म्हणजे संगणकाची आज्ञावली. १९९० नंतरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील कारखाने, नागरी बँका, पतसंस्था, दूध संघ यांच्या कचेऱ्यांत संगणक आला, तेव्हा लहान संस्थांना परवडतील आणि स्थानिक तरुणांना चटकन आत्मसात होतील अशा डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो या भाषांत हिशेबाच्या आज्ञावल्या लिहिल्या गेल्या. बहुतेक आज्ञावल्या जवळपासच्या शहरांतील छोट्या कंपन्यांनी, क्वचित एकट्यादुकट्या पदवीधराने लिहिल्या; आणि त्यांनी आपले काम इमानाने केले, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. पुढे काय झाले? फॉक्सप्रोची जन्मदाती कंपनी १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. त्या भाषेची शेवटची मोठी आवृत्ती २००४ साली निघाली, यापुढे नवी आवृत्ती नाही असे २००७ मध्ये सांगण्यात आले आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही काढून घेण्यात आला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका कंपनीच्या संचालकांनी घेतलेला हा निर्णय वाळवे तालुक्यातील ऊसबिलाला येऊन भिडतो, आणि वाळवे तालुक्याला त्याबद्दल कोणी विचारलेले नसते.

मात्र भाषा जुनी झाली म्हणून तिच्यात मांडलेला हिशेब खोटा ठरत नाही. मोठ्या बँकांचा आणि सरकारांचा कारभार ज्या कोबोल भाषेवर उभा राहिला ती १९५९-६० मधली. ती आजही जगभर राबते आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणारे स्वयंसेवक पुढे या, असे जाहीर आवाहन करावे लागले. भाषा मेली नव्हती. ती जाणणारी माणसे निवृत्त होऊन घरी बसली होती आणि त्यांच्या जागी कोणाला तयार करण्याची तोशीस कोणी घेतली नव्हती. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर आज्ञावलीला रोलरसारखा घसारा नसतो. ती लाख वेळा चालविली तरी झिजत नाही. तिच्या भोवतालचे जग बदलते, कायदा बदलतो, आणि ती होती तेथेच राहते.

ऊसबिलाइतके याचे बोलके उदाहरण दुसरे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे आणि विलंब झाल्यास वार्षिक पंधरा टक्के व्याज द्यावयाचे, असे बंधन आहे. २००९ मध्ये किमान वैधानिक दर जाऊन रास्त व किफायतशीर दर आला. या दराचा पाया असलेला साखर उतारा आधी साडेनऊ टक्के होता, तो २०१८-१९ च्या हंगामापासून दहा आणि २०२२-२३ पासून सव्वादहा टक्के झाला. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरला. त्यावरील प्रत्येक दशांश टक्क्याला वाढ, खाली घट, त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा. पुन्हा उतारा मागील हंगामाचा धरावयाचा की चालू हंगामाचा, हा वाद वेगळाच. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये चालू हंगामाच्या उताऱ्यावर हप्त्याहप्त्याने पैसे देण्याची मुभा देणारा निर्णय काढला. मुंबई उच्च न्यायालयाने तो मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविला. यांतील प्रत्येक बदल कोणातरी माणसाने जुन्या आज्ञावलीच्या पोटात शिरून, कोठेतरी एक आकडा वा एक अट बदलून उतरविलेला असतो. त्यावर सोसायटीच्या कर्जाची वसुली, ठेवींच्या कपाती, तोडणी ठेकेदाराची उचल, काट्यावरची वजनाची नोंद आणि चिटबॉयने फडावरून पाठविलेली चिठ्ठी अशी सारी गुंतवळ रचलेली असते. तीस वर्षांतील कायदा, संचालक मंडळाचे ठराव आणि स्थानिक वहिवाट यांचा खरा दस्तऐवज तो हाच. तो कपाटातील इतिवृत्तात नाही, आज्ञावलीच्या ओळींत आहे. आणि तो वाचू शकणारी माणसे अनेक ठिकाणी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही उरलेली नाहीत.

येथे प्रश्न तंत्राचा राहत नाही, मालकीचा होतो. संस्था आज्ञावली विकत घेते अशी समजूत असते. वस्तुतः पुष्कळदा ती केवळ वापराचा परवाना घेते. मूळ संहिता, ज्याला संगणकवाले सोर्स कोड म्हणतात, लिहिणाऱ्याच्या घरी राहते. तो माणूस आजारी पडला, पुण्याला गेला, कंपनी बंद पडली, की वीस-पंचवीस हजार सभासदांचा हिशेब एका बंद पेटीत राहतो. पेटी उघडी असते तेथेही गत फारशी बरी नसते. ती दुरुस्त करणारा कर्मचारी निवृत्तीनंतर कंत्राटावर राबविला जातो, हाताखाली कोणी दिला जात नाही, आणि त्याने काय बदलले याची लेखी टिपणे ठेवण्याचा आग्रह कोणी धरत नाही. रोलरला खाचा पाडणाऱ्या फिटरच्या हाताखाली हेल्पर असतो, तो शिकतो. हिशेब विभागात ही साधी कारागिरी परंपराही पाळली जात नाही. प्रवरानगरच्या कारखान्याचे अध्यक्षपद धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाने स्वीकारले, ते उत्पादनाची साधने उत्पादकांच्या हाती राहावीत या हेतूने. हिशेब हेही उत्पादनाचे साधनच आहे.

आता लिपीचा प्रश्न. जुन्या आज्ञावल्यांत शेतकऱ्यांची नावे मराठीत साठविलेली आहेत, पण ती आजच्या सर्वमान्य युनिकोड संकेतांत नव्हेत. पुण्याच्या सी-डॅकने आणि काही खासगी कंपन्यांनी आपापल्या रीतीने देवनागरी संगणकावर आणली आणि त्यासाठी त्यांचे ऋणच मानले पाहिजे. पण अनेक फाँटांचे संकेत एकमेकांशी जुळत नव्हते. नव्या प्रणालीत नावे उतरविताना जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ मधला तो खास मराठी अर्धा र तर हमखास हरवतो. ज्या गावाचे नाव जुने लोक आजही आवर्जून कऱ्हाड असे लिहितात, त्या गावच्या परिसरात तरी याचे गांभीर्य समजावयास हवे. वऱ्हाडेचा वहाडे झाला तर शुद्धलेखनाचे काय बिघडले, असे म्हणून चालणार नाही. आधार कार्डावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे, सोसायटीच्या खात्यावर तिसरे, असे झाले की हा माणूस एकच आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच माणसावर येतो. २०१७ च्या कर्जमाफीत अर्जातील माहिती आणि बँकांच्या नोंदी जुळेनात म्हणून याद्या पुन्हा पुन्हा तपासाव्या लागल्या, हा अनुभव फार जुना नाही.

मग सरसकट नवी प्रणाली घ्यावी काय? घेणारे पुष्कळ आहेत, विकणारे त्याहून अधिक. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि गावोगावच्या सोसायट्या एका सामायिक प्रणालीखाली येऊ लागल्या. योजनेचे स्वागतच केले पाहिजे. गटसचिवाच्या एकट्याच्या वहीवर विसंबलेला कारभार काही आदर्श नव्हता. पण स्थलांतर ही कारकुनी बाब आहे असे समजणाऱ्यांनी ब्रिटनकडे पाहावे. एप्रिल २०१८ मध्ये तेथील टीएसबी बँकेने एका शनिवार-रविवारात आपले सारे ग्राहक नव्या प्रणालीवर नेले, आणि सुमारे एकोणीस लाख लोकांना आपल्याच खात्याचे दार बंद झालेले आढळले. त्याहून भयंकर कथा तेथील टपाल खात्याची. १९९९ पासून बसविलेल्या होरायझन या हिशेब-प्रणालीने दाखविलेली तूट खरी मानून शेकडो पोटपोस्टमास्तरांना चोर ठरविण्यात आले. कित्येक तुरुंगात गेले, काहींची घरे बुडाली, काहींनी जीव दिला. यंत्र चुकत होते, आणि चुकते हे मान्य करण्यास व्यवस्थापन वर्षानुवर्षे तयार नव्हते. अखेर २०२४ मध्ये पार्लमेंटला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडील गटसचिवावर उद्या नव्या प्रणालीने तूट दाखविली म्हणून अफरातफरीचा गुन्हा दाखल झाला, तर त्याने आपले निर्दोषत्व कोणत्या वहीवरून दाखवायचे? जुनी वही तोवर रद्दीत गेलेली असेल.

आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी साठच्या दशकात संगणकाला केलेल्या विरोधाची आज थट्टा होते. रोजगार जाईल ही त्यांची भीती होती; पण हिशेब कोणाच्या ताब्यात जाणार, हा प्रश्नही त्या भीतीत दडलेला होता. १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापने यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. यंत्र कोठे, किती, कशासाठी, हे ठरविताना कामगाराला टेबलाशी बसविले गेले. आजच्या खरेदीत तेवढेही घडत नाही. निविदा निघते, प्रात्यक्षिक होते, संचालकांसमोर रंगीत आलेख सरकतात आणि ज्याने तीस वर्षे बिले काढली तो कर्मचारी दाराबाहेर उभा असतो.

या दोन जिल्ह्यांनी तर आपल्या दोन बँकाच गमावल्या. १९३६ मध्ये साताऱ्यात स्थापन झालेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ च्या ऑक्टोबरमध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली, तर १९१६ ची सांगली बँक २००७ च्या एप्रिलमध्ये आयसीआयसीआय बँकेत. त्या विलीनीकरणांची कारणे येथे अप्रस्तुत आहेत. पण बँक विलीन होते तेव्हा शिल्लक तेवढी नव्या प्रणालीत जाते; खातेदाराची पत, त्याला दिलेली सवलत, गूळहंगामाच्या पेठेत उधारी किती दिवस चालते याचे शहाणपण, हे नव्या रकान्यांत मावत नाही. सहकारी संस्था आज विलीन न होताही नेमके हेच गमावू शकतात. प्रणाली बदलण्याचे एक कंत्राट त्याला पुरेसे आहे.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत, आणि एकाचा तर अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा यांत तफावती निघाल्या तेव्हा २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले: उतारा मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने चूक दाखवायची. पुढील दुरुस्तीला जमीन महसूल संहितेच्या १५५ व्या कलमाचा आधार होता. ते वाचन सर्वत्र मन लावून झाले असे नव्हे. तरीही नोंद ज्याची त्याने ती तपासायची हे तत्त्व निखालस बरोबर होते. सोसायटीची वा कारखान्याची नोंद नव्या प्रणालीत नेण्यापूर्वी आणि नेल्यानंतर गट कार्यालयात असेच वाचन का होऊ नये? निदान एक संपूर्ण गळीत हंगाम जुनी व नवी आज्ञावली शेजारी-शेजारी चालवावी, दोन्हींची बिले ताडून पाहावीत आणि फरक सभासदांपुढे ठेवावा. करारात मूळ संहिता संस्थेच्या मालकीची राहील असे कलम घालावे. ते विक्रेत्याला मान्य नसेल, तर ती तिऱ्हाइताकडे ठेव म्हणून राहावी आणि कंपनी बंद पडताच संस्थेला मिळावी.

याहूनही मूलभूत गोष्ट अशी की प्रत्येक कारखान्याने तोच तो हिशेब वेगळ्या कंपनीकडून वेगळ्या किमतीला का लिहून घ्यावा? दराचा कायदा एक, कपातींची जातकुळी एक. ऊसाच्या बेण्यासाठी आणि साखर-तंत्रासाठी कारखान्यांनी मिळून १९७५ मध्ये संस्था उभारली, तीच आज मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. हिशेबाच्या आज्ञावलीसाठी असा संयुक्त उद्योग उभा राहू नये, याला संचालकांच्या आपसांतील हेव्यादाव्यांपलीकडे सबळ कारण दिसत नाही. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून. रयत शिक्षण संस्थेने कमवा आणि शिका हे सूत्र याच मातीत रुजविले. जुन्या आज्ञावलीची ओळ न् ओळ वाचून तिचा अर्थ मराठीत लिहून काढणे हे विद्यार्थ्यांना पगारी काम म्हणून देता येईल, आणि निवृत्त कर्मचाऱ्याला त्यांचा शिक्षक म्हणून मानधनावर सन्मानाने बोलावता येईल. ही टिपणे तयार झाली की नवी आज्ञावली कोणत्या भाषेत लिहायची, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर व्हावयाच्या असतात. आपल्या संस्थेच्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणाच्या ताब्यात आहे, ती वाचू शकणारे किती कर्मचारी सेवेत आहेत आणि गेल्या हंगामात तिच्यात काय बदलले, हे तीन प्रश्न कोणाही सभासदाला सभेपूर्वी लेखी देता येतात. सातारा-सांगलीतील किती संचालक मंडळांकडे त्यांची तयार उत्तरे आहेत, ते या सभांतच दिसेल.