थकलेल्या वैमानिकाचा ‘नाही’ आणि आपण

वैमानिकांच्या संपाची बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न पगाराचा निघतो. “महिन्याला लाखो रुपये घेतात, वर संप कसला करतात?” जुन्या नाशकातल्या चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या कट्ट्यावर, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. बोलणारी मुलेही बहुतेक कष्टकऱ्यांच्या घरातली असतात. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणी स्वतः सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर आहे. बारा-पंधरा हजारांत महिना काढणाऱ्याला लाखाच्या पगारवाल्याचा संप चैनीचा वाटला तर त्यात नवल नाही.

तरीही मला वाटते की हा प्रश्न आपल्याला चुकीच्या बाजूला नेतो. संप करणाऱ्याचा पगार किती, यापेक्षा तो कशासाठी थांबला आहे हे आधी पाहायला हवे. आपल्याच राज्यात घडलेले उदाहरण घेऊ.

सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे वैमानिक थांबले. मुंबई हे या कंपनीचे मुख्य ठिकाण. वैमानिकांनी ‘नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड’ नावाची संघटना स्थापन केली आणि थोड्याच दिवसांत तिच्या दोन पुढाऱ्यांना कंपनीने कामावरून काढले. ८ सप्टेंबरपासून शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. उड्डाणे धडाधड रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर अडकले. पाचेक दिवसांनी व्यवस्थापनाने काढलेल्या वैमानिकांना परत घेण्याचे मान्य केले आणि विमाने पुन्हा उडाली. त्या दिवसांतही लोकांच्या तोंडी पगाराचीच चर्चा होती. भांडण मात्र संघटना करण्याच्या हक्काचे होते. दोघांना काढल्यावर बाकीचे गप्प बसले असते तर पुढे कुणीही तोंड उघडले नसते.

याच कंपनीचे दहा वर्षांनंतर काय झाले तेही बघा. २०१९ च्या सुरुवातीपासून वैमानिकांचे पगार थकले. संघटनेने १ एप्रिलपासून उड्डाण न करण्याचा इशारा दिला, मग कंपनी वाचावी म्हणून तो पुढे ढकलला. लोक पगाराविना काम करत राहिले, बँकेकडे पैसे सोडण्याची विनंती करत राहिले. १७ एप्रिल २०१९ ला जेट बंद पडली. जवळपास २० हजार लोकांची नोकरी गेली. त्यात वैमानिक थोडे होते. सामान चढवणारे, तिकीट खिडकीवरचे, दुरुस्ती करणारे जास्त होते. आपल्या नाशिकलाही त्याची झळ लागली. ‘उडान’ योजनेतून २०१८ मध्ये सुरू झालेले जेटचे ओझर-दिल्ली विमान कंपनीबरोबरच गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेटची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला, तेव्हा कामगारांच्या थकबाकीला साडेपाच वर्षे होऊन गेली होती. संपाने कंपन्या बुडतात असे सांगणाऱ्यांनी हा क्रम जरूर आठवावा. २००९ च्या संपानंतर जेट दहा वर्षे उडत होती. ती बुडाली ती कर्जाने.

आता प्रवाशाच्या बाजूने पाहू, कारण पाठिंब्याचा खरा प्रश्न तिथे आहे.

२२ मे २०१० ला एअर इंडिया एक्सप्रेसचे दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जणांचा जीव गेला. आखातात राबून सुट्टीवर घरी येणारे कितीतरी लोक त्यात होते. चौकशी अहवालात नोंद आहे की रात्रीच्या त्या प्रवासात मुख्य वैमानिक दीड तासाहून अधिक वेळ झोपलेला होता. उतरताना विमानाची उंची आणि वेग जुळत नव्हता. उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याचा इशारा सहवैमानिकाने दिला, पण झोपेतून नुकत्याच उठलेल्या मुख्य वैमानिकाने तो मानला नाही. मुख्य चूक त्याचीच ठरली आणि त्या चुकीमागे झोपेची गुंगी हे एक कारण म्हणून अहवालात लिहिले गेले.

आपल्यापैकी किती घरांतले कुणी ना कुणी दुबई, मस्कत, रियाध, दोह्याला आहे? किती घरांतली मोठी माणसे उमरा-हजला जातात? आखाताची बरीच विमाने रात्री-पहाटे उडतात. त्या वेळी शरीर झोप मागत असते. पुढे बसलेल्या माणसाची झोप झाली आहे की नाही, यावर मागे बसलेल्या दीड-दोनशे लोकांचा जीव असतो. “मी थकलोय, आज उडवणार नाही” असे म्हणण्याची मुभा त्याला आहे का, हा प्रवाशाच्या जिवाचा प्रश्न आहे. ती मुभा कागदावर असून भागत नाही. ‘नाही’ म्हटल्यावर नोकरी जाणार नाही याची खात्री लागते आणि ही खात्री एकट्याला कुणी देत नाही. ती संघटनेमुळे मिळते.

२०२५ च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा हेच दिसले. तो संप नव्हता. विश्रांतीचे नवे नियम होते: आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास आणि रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर. वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात पाठपुरावा केल्यावर हे नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. नियम जाहीर झाले होते जानेवारी २०२४ मध्येच. तयारीला दोन वर्षे जवळपास मिळाली होती. तरी पुरेसे वैमानिक नव्हते. गोंधळ झाल्यावर सरकारने इंडिगोला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी रजा मोजता येणार नाही, ही अट तर सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतली. तयारी कंपनीने केली नाही आणि विश्रांती वैमानिकाची कापली गेली. वैमानिकांच्या संघटनांनी याला विरोध केला. त्यांच्या बाजूने बोलणारे प्रवासी मात्र फारसे दिसले नाहीत. विमानतळावर अडकलेला माणूस तेव्हा समोरच्या काउंटरवरच्या मुलीवर ओरडत होता.

अडकलेल्या प्रवाशाचा राग खोटा नसतो. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी एकदम आजारपणाची रजा घेतली. विलीनीकरणानंतर वेतनात आणि वागणुकीत अन्याय होतो अशी त्यांची तक्रार होती. शंभराहून जास्त उड्डाणे रद्द झाली, त्यांत केरळ-आखात मार्गावरची बरीच होती. मस्कतमध्ये आजारी पडलेल्या एका माणसाची पत्नी केरळहून निघाली होती. विमान रद्द झाले आणि भेट होण्याआधी तो माणूस गेला. कंपनीने २५ जणांना काढले, दोन दिवसांत कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली आणि त्यांना परत घेतले गेले. मागणी ऐकली गेली, पण त्या बाईला काय सांगायचे? संपाला पाठिंबा देणाऱ्याने या प्रश्नाला बगल देऊ नये.

माझे उत्तर असे आहे. मागणी रास्त असेल तर पाठिंबा द्यावा आणि त्याच वेळी संघटनेला ठणकावून सांगावे की प्रवाशाला आधी कळवा. आजारी, मयत, परतीचा व्हिसा संपत आलेला माणूस यांच्यासाठी काही उड्डाणे चालू ठेवा. अचानक आजारपणाची रजा टाकण्याच्या पद्धतीत हे होत नाही.

पण लोक ही पद्धत का निवडतात तेही समजून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते. सलोख्याची बोलणी सुरू झाली की ती संपेपर्यंत संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच धरला जातो. समोरचा दरवाजा इतका अरुंद केला की लोक मागच्या दाराने जातात. १४ दिवसांची नोटीस मला मान्य आहे, पण त्या १४ दिवसांत मालकालाही टेबलावर बसवून निकाल लावायला हवा. नोटीस फक्त कामगाराला बांधणारी दोरी झाली तर प्रवाशाचेही भले होत नाही.

दुसरी गोष्ट, बाहेरच्यांच्या पाठिंब्याआधी आतल्यांची एकजूट लागते. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, वैमानिक दोनच राहिले. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. २०१२ मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस केला, कारण नव्या ड्रीमलायनर विमानाचे प्रशिक्षण दुसऱ्या गटालाही मिळणार होते. शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले, संघटनेची मान्यता गेली. एका कामगाराची मागणी दुसऱ्या कामगाराच्या विरोधात असेल तर धंद्यातले लोकही पाठीशी उभे राहत नाहीत, प्रवासी तर लांबच. त्या संपाला मी पाठिंबा दिला नसता. मागणी पाहून पाठिंबा देणे म्हणजे हेच.

आता आपल्या गावाकडे येऊ. ओझरला एचएएलच्या कारखान्यात लढाऊ विमाने बनतात. १४ ऑक्टोबर २०१९ पासून एचएएलच्या देशभरातल्या कारखान्यांत वेतनकरारासाठी बेमुदत संप झाला, त्यात ओझरचे कामगारही होते. २०२१ च्या दिवाळीत एसटी थांबली ती थेट एप्रिल २०२२ पर्यंत पूर्ण सुरू झाली नाही. त्या काळात कित्येक एसटी कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. पेठ-सुरगाण्याच्या पोरांचे कॉलेज बुडाले. नाशिकच्या सिटीलिंक बसचे वाहक ठेकेदाराने पगार थकवला म्हणून एकापेक्षा जास्त वेळा काम बंद करून बसले. प्रत्येक वेळी शहरात ऐकू आले ते “आमचे हाल झाले” एवढेच. पगार का थकला, ठेकेदाराला जाब कोण विचारणार, हे विचारणारे कमी.

आणि आपण स्वतः? मालेगावच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याला “आज जमणार नाही” म्हणता येते का? रात्री उशिरा पार्सल पोचवणारा, ओला-उबर चालवणारा आपला भाऊ डोळे जड झाले म्हणून गाडी बाजूला लावू शकतो का? लावली तर त्या दिवसाचे पैसे जातात. लाखाच्या पगाराचा वैमानिक, ज्याच्याकडे परवाना आहे, संघटना आहे, वकील आहे, त्यालाच ‘थकलो’ म्हणता आले नाही, तर आपल्याला कोण म्हणू देणार आहे? वरच्या पायरीवरच्या कामगाराचा हक्क गेला की खालच्यांना तो मिळण्याची आशाही जाते. म्हणून त्याच्या पगाराचा हेवा बाजूला ठेवून त्याच्या मागणीकडे पाहा.

मग करायचे काय? पुढच्या वेळी विमानाच्या, बसच्या, कारखान्याच्या संपाची बातमी आली की फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी शोधा: मागणी नेमकी काय आहे, ती किती दिवस पडून आहे, प्रवाशांना आधी सांगितले होते का. उड्डाण रद्द झाले तर काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका. परतावा आणि कारण दोन्ही कंपनीकडे लेखी मागा. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांना सूट दिली गेली की डीजीसीएला आणि आपल्या खासदाराला एक पत्र लिहा की प्रवासी म्हणून आम्हाला ही सूट मान्य नाही. दहा ओळी पुरतात. आणि सिटीलिंकचा वाहक पुढच्या वेळी डेपोच्या दारात बसला, तर जाता जाता पाच मिनिटे थांबून त्याला विचारा, किती महिन्यांचा पगार राहिलाय.