पंचगंगेच्या गाळात सोनं येतं कुठनं? डोंगरातनं की घरातनं?

कोल्हापूर (शिवाजी पेठ) : उन्हाळ्यात पंचगंगेचं पाणी उतरलं की घाटाजवळ गाळ चाळणारी माणसं दिसू लागतात. कुणी दोरीला लोहचुंबक बांधून नाणी ओढतं, कुणी पाटीत गाळ घेऊन पाण्यात हलवत बसतं. चुंबकाला लोखंडी नाणं चिकटतं, सोनं नाही. सोन्यासाठी पाटीच लागते. कधीतरी एखादा मणी, नथीची तार किंवा अंगठीचा तुकडा हाताला लागतो. मग शिवाजी पेठेतल्या कट्ट्यापासून करवीर, पन्हाळ्याच्या गावांपर्यंत चर्चा सुरू होते, की नदीत सोनं आहे, म्हणजे वर डोंगरात खाण असणार.

ही समजूत एकदा तपासून बघायला पाहिजे. कारण अशाच समजुतीवर नदीकाठ उकरले जातात, जमिनीचे खोटे व्यवहार होतात आणि गुप्तधन काढून देणारे भोंदू पोट भरतात.

डोंगर काय सांगतो?

नदीत सोनं नैसर्गिकपणे येतं, हे खोटं नाही. जुन्या खडकात गारगोटीच्या शिरा असतात, त्यात सोन्याचे बारीक कण असतात. ऊन-पावसानं खडक झिजतो, कण सुटतात आणि ओढ्यातनं नदीत येतात. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. त्यामुळं वाळू वाहून जाते आणि सोनं वळणावर, दगडांच्या खबदाडीत बसतं. झारखंडच्या सुवर्णरेखा नदीत लोक याच पद्धतीनं कण धुऊन काढतात. पूर्व विदर्भापासून छत्तीसगडपर्यंत सोनझारी समाजाचा हाच पिढीजात धंदा.

पण त्यासाठी वरचा खडक सोन्याचा पाहिजे. पंचगंगा होते कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांची. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. या नद्या सह्याद्रीतनं येतात आणि तो सह्याद्री आहे काळ्या पाषाणाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून जो लाव्हा पसरला, त्याचा हा दगड. यात सोन्याच्या शिरा सापडत नाहीत. सोन्याच्या शिरा आहेत त्याहून कितीतरी जुन्या, धारवाडी खडकात. कर्नाटकातली रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण त्याच खडकातली, २००१ मध्ये बंद झालेली कोलारची खाणही तशीच.

कुणी म्हणेल, पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा तर रायचूरकडेच जाते. बरोबर आहे, पण हट्टी आपल्या खालच्या अंगाला आहे. नदी वरचं खाली आणते, खालचं वर आणत नाही.

सिंधुदुर्गाचंही तसंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्गात सोन्याचे साठे असल्याचं सांगितलं. सिंधुदुर्ग घाटाखाली, आपल्याला लागूनच. त्यामुळं इकडंही आशा वाढते. पण सह्याद्रीच्या पलीकडचं पाणी अरबी समुद्राला जातं. ते पंचगंगेत येत नाही.

साठा सापडला तरी आकडा नीट वाचावा लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला ३ हजार टन सोनं सापडल्याची बातमी देशभर फिरली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं खुलासा केला, की सुमारे ५२ हजार ८०० टन खडकात टनाला ३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून १६० किलो सोनं असू शकतं. एक टन दगड फोडायचा, दळायचा, तेव्हा पाव तोळ्याच्या आसपास हाताला लागणार.

मग घाटावर सापडतं ते कुठलं?

पहिली वाट स्मशानाची. मृताच्या मुखात सोन्याचा मणी किंवा बारीक तुकडा ठेवायची रीत अनेक घरांत आहे. सोनं १०६४ अंशाला वितळतं, पण जळून नाहीसं होत नाही. रक्षा सावडताना तो कण राहून गेला, की रक्षेबरोबर नदीत जातो. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलंय.

दुसरी वाट अंघोळीची आणि पुराची. घाटावर बोटातनं निसटलेली अंगठी, तुटलेल्या सरातला मणी तळाला जातो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी घराघरांत शिरलं. त्यातनं काय काय वाहून गेलं, हे पूरग्रस्तांना चांगलं माहीत आहे.

तिसरी वाट गुजरीची. दागिना घासताना सोन्याचा बारीक भुसा उडतो. तो झाडलोटीत आणि गटारीत जातो. तो धुऊन सोनं काढणारे झारेकरी सराफ पेठांत असतात ते त्यामुळंच. उरलंसुरलं सांडपाण्यात जातं. स्वित्झर्लंडमध्ये २०१७ च्या एका अभ्यासात सांडपाण्यातनं वर्षाला सुमारे ४३ किलो सोनं जात असल्याचं दिसलं आणि त्यातलं बरंच सोनं शुद्ध करणाऱ्या कारखान्यांच्या भागातलं होतं.

चौथी वाट इतिहासाची. पंचगंगेच्या काठावरच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथं १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. तिथली समुद्रदेव पोसायडनची रोमन ब्राँझ मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षं माणूस राहिलेल्या काठावरनं जुनं काहीबाही नदीत येणारच.

सापडलेला तुकडा स्वतःच बरंच सांगतो. डाग दिलेला असेल, भोक असेल, तार ओढलेली असेल, तर तो दागिना. नुसतं चमकणारं काही असेल तर हातोडीनं ठोकून बघावं. सोनं चपटं होतं. सोन्यासारखं दिसणारं माक्षिक फुटून भुकटी होतं.

म्हणजे पंचगंगेतलं हे सोनं डोंगराचं नाही, आपल्याच घरातनं गेलेलं आहे. खाण असती तर दरवर्षी नवा कण आला असता. इथं जेवढं हरवलं तेवढंच सापडणार. तेवढ्यासाठी सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात तासन्‌तास उभं राहणं, घरी ॲसिड आणि पारा वापरून गाळ धुणं, हे जिवावरचं काम आहे. पाऱ्याची वाफ फुफ्फुसात जाते आणि चुलीशेजारी बसलेल्या पोरांनाही सोडत नाही.

कायदाही माहीत असावा. जमिनीत पुरलेलं, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत बांधकामावर सापडलेली २१६ सोन्याची नाणी न कळवता ठेवून घेतली होती. ती २०२१ मध्ये पोलिसांनी ताब्यात घेतली. परवानगीशिवाय नदीपात्र उकरलं तर महसूल खातं दंड करतं. आणि मंत्र-तंत्रानं गुप्तधन काढून देतो म्हणून अघोरी प्रकार करणाऱ्यावर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा दाखल होतो. तुमच्या रानाखाली सोनं आहे, असं सांगून कुणी इसार मागत असेल, तर आधी तलाठ्याला आणि पोलिसांना विचारावं.

राहिला प्रश्न रक्षेचा. जिल्ह्यातल्या काही गावांत रक्षा नदीत न सोडता रानात किंवा झाडाच्या खड्ड्यात घालतात. सावडताना घरच्यांनीच रक्षा चाळून सोन्याचा कण बाजूला काढला, तर तो कुणाकडं ठेवायचा हे घरात बसून ठरवता येतं. लेकीला द्या, नातीच्या कानात घाला, नाहीतर मोडून झाडाच्या कुंपणाला पैसे लावा. आईच्या तोंडातला मणी परक्यानं गाळातनं चाळून काढावा, असं कुठल्याच लेकराला वाटत नसणार.