शॉकने मेंदू जळतो का?

परवा लोणावळा लोकलमध्ये कामशेतच्या एक बाई आम्हाला भेटल्या. त्यांची थोरली लेक कित्येक दिवस धड जेवत नाही, बोलत नाही. डॉक्टरांनी शॉक सुचवला आहे. बाईंनी विचारले, "भाऊ, मेंदू जळतो ना हो त्यानं?"

नाही, जळत नाही. १९३८ साली रोममध्ये हा उपचार सुरू झाला, तेव्हा भूल देत नसत. ती जुनी भीती घराघरांत बसली आहे. आज भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय शॉक देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे.

थोड्या विजेने मेंदूत काही सेकंद फिट आणतात. त्यामुळे पेशींतील काही जनुके जोमाने कामाला लागतात. जनुक म्हणजे पेशीसाठी लिहिलेली चिठ्ठी. शॉक चिठ्ठी बदलत नाही, वाचायला लावतो. १९९५ साली उंदरांवरील प्रयोगात, मेंदूच्या पेशींना पोसणाऱ्या 'बीडीएनएफ' प्रथिनाचे जनुक असेच वाढून काम करताना दिसले. मात्र माणसाची उदासी त्यामुळेच हटते, हे अजून सिद्ध झालेले नाही.

तोटाही सांगितला पाहिजे. त्या काळातल्या काही आठवणी पुसट होतात, काहींच्या परत येत नाहीत. म्हणून सहीआधी डॉक्टरांना विचारा: किती वेळा, भूल कोण देणार, दुसरा उपाय आहे का? आणि लेकीलाही विचारा. शरीर तिचे आहे.

शिवाजीनगरला उतरताना बाई म्हणाल्या, "आधी तिलाच विचारते."